हबसाणातला एक दिवस

मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणूनच मराठवाड्यातील मनुष्याला समुद्राची ओढ अधिक, असे साधारणपणे मानले जाते. आणि दिवाळीची सुटी जवळ आली किंवा मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आमच्या छत्रपती संभाजीनगरातील सिडको-हडकोच्या वसाहतींपासून जुन्या शहरातील गल्ल्यांपर्यंत अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ही नावे ज्या आतुरतेने निघू लागतात, ती पाहता हा समज अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. (हे मुरूड लातूरकरांचे नव्हे, रायगड जिल्ह्यातले, एवढा खुलासा आमच्याकडे करावा लागतो.) २०२५च्या जून महिन्यात समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत खुला झाल्यापासून तर सह्याद्री उतरून किनारा गाठणे हे पूर्वीसारखे साहस राहिलेले नाही, आणि ज्यांना मोटारीचा खर्च परवडत नाही, किंवा मोटारीपेक्षा रेल्वे बरी वाटते, त्यांना रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस, मुंबईहून मांडव्याची लाँच आणि पुढे अलिबागेपासून एसटी हा मार्ग मोकळाच आहे. प्रवास सोपा झाला. पाहणे मात्र अधिक उथळ होत चालले आहे, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेत असे वाटते.

अलीकडे ‘साइट-सीइंग’ या नावाने जो दिवस विकला जातो त्याचे मोजमाप ‘पॉइंट’ या परिमाणात होते. सकाळी आठला निघून सायंकाळी सातला परत, आणि मध्ये नऊ पॉइंट. दुसरा गाडीवाला त्याच पैशांत अकरा दाखवतो, म्हणून त्याच्याकडे गर्दी. या व्यवहाराचे खापर केवळ किनाऱ्यावरील गाडीवाल्यांच्या माथी फोडणे न्यायाचे होणार नाही, कारण आमच्या शहरात बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला आम्ही वेगळे काय देतो? दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची चौतीस लेणी, घृष्णेश्वर, परतताना पाणचक्की आणि दिवेलागणीला मकबरा, एवढा ऐवज आम्ही एका दिवसाच्या पोत्यात कोंबतो. आणि कैलास लेण्याच्या वाट्याला, जेथे नुसते उभे राहण्यासच तास हवा, छायाचित्रे धरून पाऊण तास येतो.

तथापि, एका दिवसाची सहल ही मुळातच हलकी वस्तू आहे असे मानणाऱ्या रसिकांच्या पंक्तीतही मला बसता येत नाही. आठवडाभर मुक्काम करून एखाद्या प्रदेशाचा स्वभाव समजून घ्यावा, हा उपदेश ज्यांना रजा आणि पैका दोन्ही मुबलक आहेत त्यांच्यासाठी ठीक आहे. परंतु जो कारखान्यातील कामगार, जो शिक्षक, जो दुकानदार वर्षातून एकदाच घराबाहेर पडू शकतो, त्याला एक दिवस मिळतो तो त्याच्यापुरता पूर्ण दिवस असतो. दिवस अपुरा नसतो, यादी मोठी असते. आणि यादी लहान करावयाची तर काय ठेवावे आणि काय गाळावे हे ठरविण्यासाठी हाताशी एखादे सूत्र लागते. मराठवाड्यातून, विशेषतः आमच्या शहरातून, किनाऱ्याकडे जाणाऱ्या मनुष्याला असे सूत्र आयते उपलब्ध आहे, आणि त्याची दखल ना सहलींचे धंदेवाले घेतात ना सरकारी पर्यटन खाते.

ते सूत्र म्हणजे हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या अंमलाखालील मुलखाला जुन्या मराठी कागदपत्रांत हे नाव आहे. अलिबागेहून दक्षिणेस चौल, रेवदंडा, कुंडलिकेचा पूल ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरूड आणि शेवटी राजपुरी, असा हा पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचा रस्ता आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांच्यामागे फणसाडचे रान, जे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाच्या शिकारीसाठी राखलेले होते आणि १९८६ पासून अभयारण्य आहे. सृष्टिसौंदर्याचे वर्णन मी येथे करीत नाही. ते पाहणाऱ्याला दिसतेच. मला सांगावयाचे आहे ते हे की, या रस्त्याचे पहिले दगड आमच्या मुलखात आहेत.

चौल हे निजामशाहीचे बंदर. दौलताबाद आणि अहमदनगर ज्या राज्यात होते त्याच राज्याचा माल या खाडीतून बाहेर जाई आणि अरबी घोडा याच खाडीतून वर येई. १४६९ मध्ये, म्हणजे निजामशाहीच्याही आधी बहमनी काळात, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी याच चौलास उतरून देशावर गेला होता. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्यास कोट बांधला; तो घेण्यासाठी मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये मोठा वेढा घातला आणि अपयश पदरी घेऊन तो परतला; त्यानंतर समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाच्या माणसांनी तटबंदी उभारावयास घेतली, तर १५९४ मध्ये तीही पोर्तुगीजांनीच हिसकावून घेतली. कोर्लई गावातील ख्रिस्ती घरांतून पोर्तुगीजमिश्रित बोली अद्याप बोलली जाते. गाडी दीपगृहाकडे धावत असता त्या गावातून जाणाऱ्यांपैकी किती जण तिचे चार शब्द ऐकण्यापुरते थांबतात, हे न विचारलेलेच बरे.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. जंजिरा समोर असतो, पण त्याचा दरवाजा दिसत नाही. होडी अगदी जवळ जाऊन वळेपर्यंत तटाची सलग काळी भिंत तेवढी दिसते, आणि दोन बुरुजांच्या आड दडविलेले ते महाद्वार एकाएकी समोर येते. पायरीशी लाट होडीला वर उचलते आणि खाली टाकते. वर आली त्या क्षणी खलाशी दंडाला धरून उतारूला पायरीवर ओढतात, आणि एखादी आजीबाई ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत सुखरूप उभी झालेली असते. द्वाराच्या भिंतीत एक शिल्प आहे: सिंहासारखे श्वापद, आणि त्याच्या पंजांत सापडलेले लहान लहान हत्ती. आत पडझड पुष्कळ आहे. परंतु कलाल बांगडी नावाची अजस्र तोफ आहे, वाड्याच्या भिंती आहेत, आणि चहूकडे खारे पाणी असताना मध्ये गोड्या पाण्याचे प्रशस्त तलाव आहेत. ज्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि जायकवाडीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी वर्तमानपत्रात प्रथम वाचली जाते, त्या शहरातील मनुष्य या तलावांपुढे इतरांपेक्षा थोडा अधिक वेळ उभा राहिला तर ते समजण्यासारखे आहे.

आणि तेथे उभे असतानाच त्याला मलिक अंबर आठवला पाहिजे. १५४८च्या सुमारास हबसाणात, म्हणजे खऱ्याखुऱ्या आफ्रिकेतील हबसाणात, जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादवरून दक्षिणेत आलेला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतः हबशीच होता, त्याच्या पदरी राहिलेला हा पुरुष पुढे बुडत्या निजामशाहीचा आधारस्तंभ झाला. १६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले, ते आमचे शहर. १६१२चा भडकल दरवाजा त्याचा. हर्सूलकडच्या डोंगरांतून जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याची. तिचे अवशेष अद्याप शहराच्या पोटात आहेत आणि त्यांच्यावर घरे बांधण्याचा उद्योगही अव्याहत चालू आहे. जमिनीची पाहणी करून, मागील उत्पन्न तपासून सारा ठरविण्याची त्याची रीत ‘मलिकंबरी’ म्हणून महसुली दफ्तरांत त्याच्यामागे दीर्घकाळ टिकली. मालोजी-विठोजींच्या वेरूळकर भोसल्यांपासून अनेक मराठा सरदार त्याच निजामशाहीच्या चाकरीत होते, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजी व शरीफजी हे बंधू त्याच्याच बाजूने लढले. शरीफजी तेथेच पडला. १६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे, आणि वेरूळला धावणाऱ्या गाड्या तिच्या जवळून निघून जातात.

जंजिऱ्याचे सिद्दी हे त्याच निजामशाहीतील हबशी परंपरेचे. तत्पूर्वी या बेटावर कोळ्यांचा मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा नायक होता. पिरमखान नावाच्या निजामशाही सरदाराने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन, मद्याची पिंपे उतरवून, रात्री ते ठिकाण घेतले असे सांगतात. बुऱ्हाणखानाने १५६७ ते १५७१ या काळात दगडी कोट उभारला. म्हणजे एका राज्यातील एकाच जमातीच्या माणसांनी किनाऱ्यावर जंजिरा बळकट केला आणि देशावर खडकी वसविली. एकीकडे खाऱ्या पाण्यात गोडे पाणी राखले, दुसरीकडे कोरड्या पठारावर डोंगरातून पाणी आणले. हा दुवा ज्याला ठाऊक आहे त्याची होडी आणि ज्याला ठाऊक नाही त्याची होडी एकाच वाऱ्यावर चालते खरी. पण किल्ल्यात शिरल्यावर दोघांना दिसते ते निराळे.

गोष्ट येथे संपत नाही. १६५३ मध्ये दक्षिणेच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने आपले नाव ज्या शहरास दिले, त्याच औरंगजेबाने बादशहा झाल्यावर सिद्दींना मोगली आरमाराची सरदारी, याकूतखान हा किताब आणि सुरतेच्या उत्पन्नातून तनखा दिला. १६७१च्या होळीच्या रात्री सिद्दी कासमाने मराठ्यांकडून दंडाराजपुरी परत घेतली ती याच काळात. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधावयास घेतला. आणि प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने त्या कामास पैका आणि धान्य वेळेवर पोहोचविले नाही, तेव्हा जानेवारी १६७५ मध्ये त्यास जे पत्र गेले, ते ज्याने वाचले आहे त्याला महाराजांच्या राज्यकारभाराविषयी निराळे व्याख्यान ऐकण्याची आवश्यकता उरत नाही. ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाही, हबशाला तर मिळाला नाहीस ना, अशा आशयाची ती कडक हजेरी आहे. मुरूडच्या किनाऱ्यावरून पद्मदुर्ग स्पष्ट दिसतो. बहुतेक जण त्याच्याकडे पाठ करून छायाचित्र काढतात, कारण उजेड त्या बाजूने येतो.

आणि ज्यांचे नाव आमचे शहर आता अधिकृतपणे धारण करते, त्या संभाजी महाराजांनी १६८१च्या अखेरीस जंजिऱ्यास वेढा घातला. तोफांचा मारा पुरेना तेव्हा राजपुरीकडून बेटापर्यंत दगडांची भर घालून खाडीच बुजवून टाकण्याचे काम त्यांनी १६८२ च्या आरंभी हाती घेतले. विशीतल्या छत्रपतीने समुद्राशी मांडलेला हा हट्ट होता, आणि तो तडीस गेला असता तर कोकणाचा पुढचा इतिहास बदलला असता. परंतु मोगली फौज कल्याणच्या बाजूस उतरली आणि महाराजांना ते काम अर्ध्यावर सोडून माघारी वळावे लागले. किल्ला अखेरपर्यंत कोणासच साध्य झाला नाही. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले तेव्हाच ते प्रकरण मिटले.

खडकीचा मलिक अंबर, औरंगाबादचा औरंगजेब आणि संभाजीनगरचे संभाजी महाराज, या तिघांचाही संबंध पोहोचतो असा राजपुरीच्या खाडीसारखा दुसरा समुद्रकिनारा मला माहीत नाही. होडीतील वाटाड्या मात्र यांपैकी फार थोडे सांगतो. त्याच्या कथनात समुद्राखालून जाणारे भुयार असते, तोफेच्या वजनाचे टन असतात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी टाळीची अपेक्षा असते. त्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी शिकविलेले नाही, आणि त्याच्या होडीत बसलेल्यांनी कधी जास्त मागितलेले नाही. राजपुरीजवळच खोकरी येथे सिद्दींच्या तीन घुमटाकार कबरी आहेत, सिरुलखानाची सर्वांत मोठी. खुलताबाद पाहिलेल्या डोळ्यांना त्या घुमटांत ओळखीचे काही दिसेल. पण खोकरी यादीत बसत नाही, कारण ती ‘पॉइंट’ नाही.

आता जपानकडे वळतो, आणि ते उगाच नव्हे. अजिंठा-वेरूळच्या संवर्धनासाठी, रस्त्यांसाठी आणि आमच्या विमानतळाच्या इमारतीसाठी जपानने १९९२ पासून दोन टप्प्यांत कर्ज दिले. म्हणजे पर्यटन या विषयात आमच्या शहराचा आणि त्या देशाचा व्यवहार जुना आहे. पैका आम्ही घेतला, रीत घेण्याचे राहून गेले. उत्तर जपानात अकिता आणि आओमोरी या विरळ वस्तीच्या प्रांतांतून जपानी समुद्राच्या काठाकाठाने गोनो नावाचा एकेरी रेल्वेमार्ग जातो. लांबी दीडशे किलोमीटरांच्या आत, १९३६ मध्ये पुरा झालेला. तेथील मच्छीमारांची गावे ओस पडू लागली तशी उतारूंची संख्या घटली, तेव्हा त्याच रुळांवर १९९७ पासून पर्यटकांसाठी ‘रिसॉर्ट शिराकामी’ ही गाडी सुरू करण्यात आली. खिडक्या मोठ्या, वेग देखावा पाहून कमी केलेला. डब्यात कधी स्थानिक कलावंत शामिसेन वाजवितात. सेन्जोजिकी येथे, अठराव्या शतकाच्या अखेरच्या भूकंपाने समुद्रातून वर आलेले खडकाचे विस्तीर्ण पठार जेथे आहे तेथे, काही गाड्या पंधरा मिनिटे थांबतात. उतारू खाली उतरून खडकांवर फिरतात, परतण्याची शिट्टी झाली की येऊन बसतात. एवढेच. त्या दिवसभरात नऊ स्थळे नाहीत. एक किनारा आहे, आणि एका ठिकाणी थांबण्याची सोय आहे. रस्त्यांच्या बाबतीतही १९९३ पासून त्यांनी ठिकठिकाणी वाटेवरची स्थानके उभारली: गाडी उभी करावयास जागा, रात्रीही उघडे आणि स्वच्छ असलेले शौचालय, आणि त्या पंचक्रोशीतील शेतकरी-कोळ्यांचा माल विकण्याची व्यवस्था. अशी स्थानके आता बाराशेंहून अधिक आहेत.

जपानी शिस्तीचे पोवाडे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या देशाच्या खेड्यांतही तरुण उरलेले नाहीत आणि पर्यटनाने ते परत आलेले नाहीत. परंतु रेवदंडा ते राजपुरी या पट्ट्यात असे एखादे स्थानक, जेथे बायाबापड्यांना सन्मानाने शौचास जाता येईल आणि बचत गटाच्या बायकांना आमसुले, सुपारी, सुके बोंबील विकता येतील, ते कोट्यवधींच्या आराखड्याखेरीज उभे राहू शकत नाही, हे मला पटत नाही. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजना १९८८ पासून आहे, आणि ती ज्याने सुचविली त्याच्या कल्पकतेस दाद दिली पाहिजे. तीच योजना एका दिवसापुरती, एका किनाऱ्यापुरती काढावी, अलिबागेपासून राजपुरीपर्यंत कोठेही उतरा, पुढच्या गाडीने पुढे जा, आणि गाड्यांच्या वेळा थांब्यावर वाचता येतील अशा लिहिलेल्या असाव्यात. मग कोर्लईस कोणी उतरेल, खोकरीसही उतरेल; आणि ज्याला केवळ काशीदच्या वाळूत लोळावयाचे आहे त्याने दिवसभर तेथेच लोळावे, त्यालाही यादी पुरी केल्याचा हिशेब कोणी मागणार नाही.

यावर एक शंका घेतली जाईल, आणि ती निरर्थक नाही. शहराच्या नावावरून इतका वाद होऊन गेल्यावर, २०२३ मध्ये शासनाने नामांतरावर शिक्का उठविल्यावर, मलिक अंबर, औरंगजेब आणि संभाजी महाराज यांची नावे एका फलकावर कोण लिहील? लिहिणाऱ्याची पंचाईत आहे हे खरे. पण राजपुरीच्या पाण्यात तिघांचा मामला एकत्र आहे, तो कोणा एकाला वगळून सांगताच येत नाही. सिद्दी कोणाच्या बळावर टिकला हे सांगितल्यावाचून संभाजी महाराजांनी खाडीत दगड का टाकले हे मुलांना कसे समजावणार? ज्यांना महाराजांचा अभिमान आहे त्यांनी तर हा फलक अधिक मोठा मागितला पाहिजे.

शाळांच्या सहली हिवाळ्यात निघतात, आणि आमच्याकडील पुष्कळ शाळांच्या एसटी गाड्या कोकणातच उतरतात. त्या निघण्यापूर्वीच्या एखाद्या शनिवारी मुलांना अर्धा दिवस भडकल दरवाजा, नहरीचा एखादा उघडा अवशेष आणि खुलताबादेस अंबराची कबर एवढेच दाखवावे. वेरूळला त्या दिवशी नेऊ नये, मुले कितीही मागे लागली तरी. वेरूळच्या गढीशी भोसल्यांची पाटीलकी कोठे होती हे बोटाने दाखविण्याचा मोह शिक्षकांना होईल, तो त्यांनी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा. भाडे फारसे लागत नाही, आणि इतिहासाच्या शिक्षकांना तासिका तर बुडवावी लागणारच नाही, कारण तीच तासिका आहे.